घरच्या कॉम्प्युटरला अँटीव्हायरस किती आणि सवयी किती? आमच्याकडे झालेला प्रकार

हळदीचं_शेत (सांगली)

नमस्कार मंडळी, इथे बरीच वर्षं वाचत आलेय पण धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबलाय जरा, सांभाळून घ्या.

आमच्याकडे हॉलमध्ये एकच कॉम्प्युटर, विंडोज १०, २०१७ ला असेंबल करून घेतलेला. वापरणारे तिघं. मी अनुवादाची कामं करते, मुलगा अकरावीला आहे, आणि माझे वडील, अण्णा, वय ७६. अण्णा मोडी वाचतात. आसपासच्या गावांतून लोक जुने दस्त, वाटणीपत्रं, देवळाचे हिशेब असं काय काय आणून देतात, ते स्कॅन करायचं आणि एकेक पान देवनागरीत उतरवून टाईप करायचं, आठ-नऊ वर्षं रोज सकाळी दोन तास हेच चालू आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मुलाने एका गेमसाठी चीट, म्हणजे गेममध्ये लबाडीने जिंकून देणारा प्रोग्रॅम, डाऊनलोड केलं. व्हिडिओखाली लिंक, झिप फाईलला पासवर्ड, आणि व्हिडिओतला माणूस सांगत होता की अँटीव्हायरस ह्याला उगाच व्हायरस समजतो म्हणून आधी तो बंद करा. ह्याने केला बंद. पैसे भरून घेतलेला होता हो, लायसन्सचे चार महिने बाकी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा बसले तर एकही फाईल उघडेना, सगळ्या नावांच्या शेवटी चार अनोळखी अक्षरं चिकटलेली आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक रीडमी, त्यात ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क केलात तर निम्मे. अण्णा मुलाला एक शब्द बोलले नाहीत, त्याचाच त्याला जास्त त्रास झाला.

इथल्या एका दुकानदाराला बोलावलं, तो म्हणाला फॉरमॅट मारतो आणि ह्या वेळी वरचं पॅक घ्या तीन वर्षांचं. मी त्याला थांबवलं आणि कॉम्प्युटर बंद करून ठेवलाय. आता मला हे कळत नाही की पैसे भरलेला असताना असं झालं तर महागातला घेऊन वेगळं काय होणार? आणि सगळं सवयींवरच असेल तर ७६ वर्षांचे अण्णा आणि १६ वर्षांचा मुलगा, दोघांच्या सवयी मी एकटी कशी सांभाळू?

जुना_मॉडेम (पुणे)

ताई, वाचून फार वाईट वाटलं. अँटीव्हायरसचं नंतर बोलू, आधी तातडीचं.

दुकानदाराला थांबवलंत हे सगळ्यात चांगलं केलंत. ती हार्ड डिस्क काढून बाजूला ठेवा, नवीन एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) घालून त्यावर विंडोज टाका, जुनी डिस्क पुसू नका. हा रॅन्समवेअर, म्हणजे फाईली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस. वर्णनावरून स्टॉप म्हणजे ज्याला डीजेव्हीयू पण म्हणतात त्या जातीचा वाटतोय, क्रॅक (विकतचं सॉफ्टवेअर फुकट चालवायची चोरटी फाईल) आणि चीटमधून घरच्या कॉम्प्युटरवर येणाऱ्यांत हा फार पसरलेला. आयडी रॅन्समवेअर नावाची साईट आहे, तिथे ती रीडमी आणि एक लॉक झालेली फाईल टाकली की जात कळते. मग नो मोअर रॅन्समवर बघा, युरोपोल आणि नेदरलँड्सच्या पोलिसांनी काही सिक्युरिटी कंपन्यांना घेऊन २०१६ ला सुरू केलेली साईट आहे, सोडवायची टूल्स फुकट मिळतात. ह्या व्हायरसला त्या वेळी त्याच्या सर्व्हरशी बोलता आलं नसेल तर तो फाईली लॉक करायला स्वतःजवळची ठरलेली किल्ली वापरतो, ती आधीच सापडलेली असेल तर फाईली सुटतात. सर्व्हरशी बोलला असेल तर आज तरी सुटत नाहीत, खोटी आशा दाखवत नाही. पैसे मात्र देऊ नका.

अजून एक, हा प्रत्येक फाईलचा सुरवातीचा साधारण १५० केबी एवढाच भाग लॉक करतो. वर्डच्या छोट्या फाईली त्यामुळे पूर्ण जातात, पण मोठ्या पीडीएफमध्ये बरीच स्कॅन पानं एकत्र असतील तर पुढची पानं आत जशीच्या तशी असतात आणि ती बाहेर काढता येतात. अण्णांचे स्कॅन कसे ठेवले होते?

आणि आता जे सांगतोय ते आजच करा. ह्याच्याबरोबर पासवर्ड चोरणारा दुसरा प्रोग्रॅम बऱ्याचदा येतो. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले सगळे पासवर्ड आणि लॉगिन चालू ठेवणाऱ्या कुकीज तो काही मिनिटांत उचलून पाठवतो. कुकी गेली की ओटीपीचा उपयोग राहत नाही कारण चोर आधीच आत असतो. म्हणून दुसऱ्या स्वच्छ मोबाईलवरून आधी ईमेलचा पासवर्ड बदला आणि सगळ्या डिव्हाईसवरून साईन आऊट करा, मग बँक, मग बाकीचं. त्या कॉम्प्युटरवरून एकही पासवर्ड बदलू नका, नवीन पण जाईल.

मेघना_ठाणे

जुना_मॉडेम दादा हे कुकीचं मला पहिल्यांदाच कळलं. मी तर सगळे पासवर्ड ब्राउझरलाच लक्षात ठेवायला सांगते. मग काय वहीत लिहायचे का? ऑफिसमध्ये तर वहीत लिहू नका म्हणून ट्रेनिंग देतात.

जुना_मॉडेम

ऑफिसच्या टेबलावरची वही आणि घरच्या कपाटातली वही ह्यात फरक आहे मेघनाताई. घरच्या कपाटातली वही रशियात बसलेल्या चोराला वाचता येत नाही. जमत असेल तर वेगळा पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड कुलपात ठेवणारं ॲप, वापरा, बिटवॉर्डन फुकट आहे, ज्येष्ठांना जमत नसेल तर खुशाल वही. खरी चूक म्हणजे एकच पासवर्ड दहा ठिकाणी. कुठली तरी साडीची साईट फुटते आणि तोच पासवर्ड ईमेलला लावून बघतात. आपला ईमेल कुठल्या चोरीत आलाय का हे हॅव आय बीन प्वोन्डवर बघता येतं, ट्रॉय हंटने २०१३ पासून चालवलेली साईट आहे.

टंकलेखक (सोलापूर)

सगळेजण सवयी सवयी म्हणणार हे माहीत होतं म्हणून मुद्दाम लिहितोय. माझं डीटीपीचं दुकान आहे. दिवसाला तीस-चाळीस पेनड्राईव्ह येतात, लग्नपत्रिका, शाळेचे पेपर, भाषणं. माझ्या सवयी कितीही चांगल्या असल्या तरी गिऱ्हाईकाच्या पेनड्राईव्हला सवय नसते. ते शॉर्टकट व्हायरस आठवतंय ना, सगळे फोल्डर लपून नुसते बाण असलेले आयकॉन दिसायचे, ते अजून येतं. मी क्विक हील वापरतो, पैसे भरून, आणि पेनड्राईव्ह लावल्या लावल्या ते स्कॅन करतं. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरवात केलेल्या काटकर बंधूंची कंपनी आहे, फ्लॉपीतून व्हायरस यायचे त्या काळात धाकट्या भावाने टूल लिहिलं तिथून हे सगळं उभं राहिलं, मला त्याचं कौतुक आहे. तर सॉफ्टवेअर काही कामाचं नाही असं म्हणू नका, ताईंच्या घरीसुद्धा त्याने अडवलंच असतं, बंद केलं म्हणून अडवलं नाही.

आता माझंच एक विचारतो. एका मशीनवर अजून विंडोज ७ आहे कारण जुन्या फाँटच्या सॉफ्टवेअरचं डाँगल (ते चालायला मशीनला लावावी लागणारी लायसन्सची चावी) त्याच्यावरच चालतं, आणि पंधरा वर्षांचा डेटा त्या फाँटमध्ये आहे. अँटीव्हायरस त्यावरही आहे. चालेल ना?

जुना_मॉडेम

टंकलेखक साहेब, सॉफ्टवेअर कामाचं नाही असं मी कधीच म्हणणार नाही, तुमच्या दुकानात ते हवंच. विंडोज ७ चं मात्र ऐका. त्याला १४ जानेवारी २०२० पासून सिक्युरिटी अपडेट नाहीत. त्याला नेट लावू नका, केबल काढा, वायफाय बंद करा, आणि दुकानातल्या बाकी मशीनशी शेअरिंगही ठेवू नका. फाईल आणायची तर एक ठराविक पेनड्राईव्ह, आधी नव्या मशीनवर स्कॅन करून. तसं ठेवलं तर मी निर्धास्त राहीन. नेटला जोडून वर अँटीव्हायरस आहे म्हणून निर्धास्त राहणार नाही.

उरणकर

इथे थोडं लिहितो कारण २०१७ मी डोळ्याने बघितलंय, न्हावा शेव्याच्या बंदरात सीएचए, म्हणजे कस्टमची कामं करणाऱ्या एजंटाकडे कामाला होतो. त्या वर्षी मे महिन्यात १२ तारखेला वॉनाक्राय नावाचा असाच फाईली लॉक करणारा व्हायरस आला, दीडशेच्या वर देशांत पसरला. तो ज्या भोकातून शिरत होता त्याचं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलेलं होतं, म्हणजे दोन महिने आधी, ज्यांनी टाकलं होतं ते वाचले. तोपर्यंत आमच्याकडे अपडेट म्हणजे कटकट, रीस्टार्ट मागतं, नंतर करू, हेच चालायचं. मग २७ जूनला नॉटपेट्या आला. मर्स्क ह्या जहाज कंपनीचं जगभरचं काम बंद पडलं आणि जेएनपीटीतलं, म्हणजे न्हावा शेव्याच्या बंदरातलं त्यांचं टर्मिनल, जीटीआय, ते पण. कंटेनर कुठला कुणाचा हे सिस्टीममध्ये दिसेना, ट्रकच्या रांगा लागल्या, ड्रायव्हर लोक पावसात रस्त्यावर.

आणि हे मुद्दाम लक्षात घ्या की हा नॉटपेट्या आला होता युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. म्हणजे तिथल्या कारकुनाने कुठलीही घाण लिंक उघडलेली नव्हती, नेहमीचं अपडेट घेतलं एवढंच. त्यामुळे सवय चांगली असली की काही होत नाही असं जे म्हणतात त्यांना मी हे सांगतो. सवयीने बरंच वाचतं, सगळं नाही. बॅकअप नसेल तर शेवटी हात रिकामेच.

विदर्भवासी

मी तर म्हणतो विंडोजऐवजी सरळ लिनक्स टाका ना ताई, फुकट असते. नागपूरला आमच्या घरी चार वर्षांपासून त्यातलं मिंट आहे, आई त्याच्यावरच भजनं ऐकते, बँकेचं करते. इनस्क्रिप्ट कीबोर्डमधून मराठी टाईप होते. हे जे चीट अन क्रॅक येऊन राहिले ते सगळे विंडोजसाठी बनवलेले असतात. २०१७ चं मशीन मस्त चालेल त्याच्यावर.

हळदीचं_शेत

सगळ्यांचे खूप आभार, रात्री दीड वाजता उत्तरं आलेली बघून भरून आलं. पासवर्ड बहिणीच्या लॅपटॉपवरून बदलले, ईमेलमध्ये खरंच एक अनोळखी लॉगिन दिसलं, साईन आऊट केलं. विदर्भवासी, लिनक्स अण्णांना चालेल पण माझं अनुवादाचं सॉफ्टवेअर विंडोजचंच आहे.

स्कॅन अण्णा गावानुसार मोठ्या पीडीएफ करून ठेवायचे! म्हणजे आशा आहे का? टाईप केलेलं मात्र सगळं वर्डमध्ये.

आता नवीन विंडोज टाकताना काय काय करायचं ते कुणी सांगाल का, आणि अँटीव्हायरस कोणता ते पण एकदाचं सांगा.

जुना_मॉडेम

पीडीएफचं ऐकून बरं वाटलं. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पानं कशी काढायची ते सविस्तर सांगतो, घाई करू नका, आधी त्या डिस्कची अख्खी कॉपी करून मग कॉपीवरच काम करायचं.

आता अँटीव्हायरस. माझं प्रामाणिक मत, तुमच्यासारख्या घराला विंडोजमधला डिफेंडर पुरतो. २०१२-१३ च्या सुमाराला मायक्रोसॉफ्टचा फुकटचा अँटीव्हायरस जर्मनीतल्या एव्ही-टेस्टच्या चाचणीत नापास झाला होता, तेव्हापासून लोकांच्या मनात बसलंय की तो बिनकामाचा. मधल्या काळात तो पुष्कळ सुधारला, गेली काही वर्षं त्याच चाचण्यांत पैसेवाल्यांच्या बरोबरीने मार्क घेतो. दुसरा विकत घेऊन टाकलात की डिफेंडर आपोआप बाजूला होतो, दोन्ही एकदम पहारा देत नाहीत आणि देऊही नयेत. विकतचा घ्यायचा तर घ्या, वाईट नाही, पण तो घेतला म्हणून बाकीचं सोडलं तर पैसे वाया.

डिफेंडरमध्ये एक गोष्ट मुळात बंद असते ती चालू करा. विंडोज सिक्युरिटीत रॅन्समवेअर प्रोटेक्शनच्या आत कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस. मग अनोळखी प्रोग्रॅमला डॉक्युमेंट्समध्ये लिहिताच येत नाही. तुमचं अनुवादाचं सॉफ्टवेअर पहिल्या दिवशी अडेल कदाचित, त्याला तिथेच परवानगी द्यायची.

मग खाती. हे मला अँटीव्हायरसपेक्षाही मोठं वाटतं आणि आपल्याकडे कुणी करतच नाही, अख्खं घर एकाच ॲडमिन खात्यावर, पासवर्डशिवाय. तुम्ही ॲडमिनचं खातं वेगळं करा, त्याचा पासवर्ड फक्त तुमच्याकडे, आणि रोज वापरायला तिघांची तीन साधी खाती. मुलाच्या खात्यात काही शिरलं तरी अण्णांच्या फोल्डरपर्यंत त्याचा हात सहसा पोचत नाही, आणि अँटीव्हायरस बंद करायला तुमचा पासवर्ड लागेल. फक्त अण्णांचं काम डी ड्राईव्हमध्ये ठेवू नका, तिथलं सगळ्या खात्यांना उघडं असतं. त्यांच्या खात्यातल्या डॉक्युमेंट्समध्येच ठेवा.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमचा २०१७ चा प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर ११ अधिकृतपणे बसणार नाही. पण वाढीव अपडेटची योजना आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून सेटिंग्ज सिंक चालू ठेवली तर पैसे पडत नाहीत. ते नक्की घ्या. लोक म्हणतात डिफेंडर तर विंडोज १० वर २०२८ पर्यंत अपडेट होणार आहे मग काळजी कसली. अहो पहारेकरी नवा मिळेल पण भिंतीला पडलेलं भगदाड बुजवायला कुणी येणार नाही.

बे_एरियातून

माझे आईबाबा नाशिकला, मी इथे, म्हणून ज्येष्ठांबद्दल लिहिते. मागच्या वर्षी बाबांच्या स्क्रीनवर लाल पान आलं, जोरजोरात आवाज, तुमचा कॉम्प्युटर बंद करू नका ह्या नंबरवर फोन करा. बाबांनी केला. समोरच्याने एनीडेस्क, म्हणजे लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर, टाकायला लावलं आणि बँकेचं पान उघडायला लावलं, तेवढ्यात आई भाजी घेऊन आली आणि तिने सरळ राऊटरची वायर ओढली. वाचलो. ह्यात अँटीव्हायरस एक अक्षर बोलला नाही कारण एनीडेस्क हे चांगलंच सॉफ्टवेअर आहे, बाबांनी स्वतः परवानगी दिली.

त्यांना मी दहा सूचना दिल्या असत्या तर एकही लक्षात राहिली नसती. एकच लिहून मॉनिटरला चिकटवलीय, स्क्रीनवर फोन नंबर दिसला तर फोन करायचा नाही, मशीनचं बटण दाबून बंद करायचं आणि मला मेसेज टाकायचा, रात्र असली तरी. आणि फायरफॉक्स टाकून त्यात जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन घातलं, ती लाल पानं जाहिरातींतूनच यायची, ती बंदच झाली. क्रोमने जुनं यूब्लॉक बंद केलंय, तिथे फक्त लाईट मिळतं. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनला परवानगी दिलेल्या साईटची यादी पण बघा, बाबांकडे छत्तीस होत्या.

पैसे गेलेच तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, १९३० ला फोन करायचा, उद्यावर नाही, पहिल्या काही तासांत रक्कम पुढे जायच्या आधी अडवता येते. बाकी तक्रार सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर.

हळदीचं_शेत

हा मेसेज माझा मुलगा टाईप करतोय, त्यालाच लिहायचं होतं.

मी व्हिडिओखालच्या कॉमेंट बघितल्या होत्या, दोनशेच्या वर होत्या, सगळे लिहीत होते की चाललं, धन्यवाद भावा. म्हणून विश्वास बसला. आता कळलं त्या खोट्या पण असू शकतात. आजोबांची मी रोज एक तास पानं टाईप करून देतोय. मला विचारायचंय की फाईल चांगली की वाईट हे उघडायच्या आधी कळतं का?

जुना_मॉडेम

बाळा, तू लिहिलंस हे फार चांगलं केलंस. व्हायरसटोटल नावाची साईट आहे, गूगलची, तिथे फाईल टाकली की साठ-सत्तर अँटीव्हायरस एकदम ती तपासतात. पण तुझ्या झिपला पासवर्ड होता ना, तो त्याचसाठी असतो, पासवर्डशिवाय आतलं कुणालाच तपासता येत नाही. झिपला पासवर्ड आणि वर अँटीव्हायरस बंद करायला सांगतायत, हे दोन्ही एकत्र दिसलं की तिथेच सोडून द्यायचं. आजोबांची किंवा आईची कागदपत्रं मात्र तिथे टाकू नकोस, तिथली फाईल बाहेरच्या लोकांनाही मिळू शकते.

विंडोजमध्ये फाईलचं पूर्ण नाव दिसेल असं सेटिंग पण चालू कर, नाहीतर बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई हे नुसतं बिल डॉट पीडीएफ दिसतं.

टंकलेखक

विंडोज ७ ची केबल काल काढली. पंधरा वर्षांचा डेटा दोन डिस्कवर कॉपी करायला लावलाय, अजून चालूच आहे. जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येईल अशा अक्षरांत आणायचं पण आता मनावर घेतो.

हळदीचं_शेत

दहा दिवसांनी लिहितेय. किल्ली ऑनलाईनची निघाली, म्हणजे व्हायरस त्याच्या सर्व्हरशी बोलला होता, त्यामुळे वर्डच्या फाईली सुटल्या नाहीत. जुनी डिस्क कपाटात ठेवलीय, कधी किल्ली सापडली तर. पण जुना_मॉडेम यांनी दोन रात्री फोनवर बसून दाखवलं आणि पीडीएफमधली जवळपास सगळी स्कॅन पानं निघाली, दरवेळी पहिली एक-दोन सोडून. टाईप केलेल्यातलं निम्मं अण्णांनी वेळोवेळी एका इतिहास मंडळाला ईमेल केलं होतं, ते सेंटमध्ये सापडलं.

नवीन विंडोजवर डिफेंडर, फोल्डरचं ते सेटिंग, तीन खाती. विकतचा अँटीव्हायरस घेतला नाही, त्या पैशांत दोन डिस्क घेतल्या. एक घरी, रविवारी लावायची, कॉपी झाली की काढून कपाटात, कारण जोडलेली राहिली तर ती पण लॉक होते हे इथेच कळलं. दुसरी बहिणीकडे मिरजेला, महिन्याला अदलाबदल. रविवारचं काम मुलाने स्वतःकडे घेतलंय.

अजून साधारण सहाशे पानं परत टाईप करायची आहेत.

मेघना_ठाणे

ताई, अण्णा पान वाचून दाखवतील का? त्यांनी मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवलं तर मी टाईप करून देते, मोडी मला येत नाही पण देवनागरीचा स्पीड चांगला आहे. आठवड्याला दहा पानं सहज.

उरणकर

माझी पण दहा धरा.

टंकलेखक

दुकानात दुपारी दोन तास मोकळेच असतात. पन्नास पानं माझ्याकडे पाठवा, युनिकोडमध्येच करून देतो.